धाकटीला हात लावायचा नाही

ट्रकच्या नाकात दोन बहिणी राहतात. बाहेरची थोरली आणि तिच्या पोटात लपलेली धाकटी. खोक्यावर कंपनी काहीही छापो, दगड फोडून खडी करणाऱ्या क्रशरच्या वाटेवर एअर फिल्टरच्या जोडीला हीच नावं. थोरली म्हणजे घड्याघड्यांच्या कागदाचं जाडजूड नळकांडं. इंजिन जी हवा ओढतं तिच्यातली सगळी धूळ हिच्या अंगावर. ती मळते, तिला फुंकून साफ करतात, पुन्हा बसवतात, पुन्हा मळते. धाकटी सडपातळ, जाड लोकरी कापडाची, एका टोकाला बंद. तिला रोजचं काम असं काही नाही. थोरली कधी फाटली, तिचं रबर कधी सुटलं, तर आत घुसणारी धूळ इंजिनापर्यंत पोचू नये म्हणून ती तिथे उभी. आणि धाकटी फुंकून साफ होत नाही. मळली की मळली, मग फेकायचीच. म्हणून या वाटेवरचा पहिला नियम: थोरलीचं काय करायचं ते करा, धाकटीला हात लावायचा नाही.

हा नियम ज्या बाईने ड्रायव्हरांच्या डोक्यात शिव्या देऊन देऊन बसवला, तिलाही सगळे थोरलीच म्हणत.

चढ जिथे सुरू होतो तिथे तिची पत्र्याची शेड. आत एक कॉम्प्रेसर, त्याला भिंतीभर लोंबणारी हवेची नळी आणि कोपऱ्यात पोत्याचा पडदा. खडी आणायला निघालेले टिपर तिच्यापाशी थांबत. ती फिल्टर मांडीवर घेई, नळी त्याच्या पोटात घालून आतून बाहेर हळूहळू हवा सोडी. पांढऱ्या पिठासारखी धूळ भसकन उठे आणि तिच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, नाकातोंडावर बांधलेल्या फडक्यावर बसे. मग ती पोत्याच्या पडद्याआड जाई. तिथे अंधारात वायरला टांगलेला एक दिवा होता. तो फिल्टरच्या पोटात सोडायचा आणि फिल्टर गोल फिरवायचा. कागदातून उजेडाचा एक जरी ठिपका आरपार आला तरी फिल्टर बाद. याला ती म्हणे, "दिवा दाखवणं."

"अगं थोरले, ते भोक नाही, डाग आहे!" ड्रायव्हर गयावया करत.

"डागातून उजेड येतो होय रे? मग तुझ्या शर्टातून सगळं जग दिसलं असतं मला."

"अजून एक खेप चालेल की."

"तुला चालेल. इंजिनाला विचार. त्याला जीभ नाही म्हणून तुझं फावतं."

हसत हसत, खोकत खोकत ती फिल्टर मोडून कोपऱ्यात भिरकावी. मोडूनच टाकी. नाहीतर तोच फिल्टर पुढच्या वळणावर नाकात घालून गडी पसार.

तिला खरी धाकटीही होती. आई गेली तेव्हा ती परकर धरून मागे मागे फिरण्याच्या वयाची. थोरलीने हातात नळी घेतली ती तेव्हापासून. आणि एक गोष्ट तिने डोळ्यात तेल घालून सांभाळली. धाकटीने शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. डबा घेऊन आली तरी रस्त्याच्या पलीकडे उभं राहायचं, तिथून हाक मारायची, डबा दगडावर ठेवायचा आणि चालू लागायचं.

"ताई, एकदा बघू तरी दे ना आत काय असतं!"

"धूळ असते. घरी नाही होय? कपाटाखाली बघ."

धाकटी शिवणकाम शिकली. बोटं स्वच्छ, नखं स्वच्छ, छाती स्वच्छ. तिचं लग्न झालं ते नेमकं एका टिपरवाल्याशी. थोरली हसून म्हणाली, "जन्मभर हिला धुळीतून वाचवलं आणि ही निघाली फुफाट्याच्या घरी." पण मुलगा मनाने बरा होता. तोंडाने गोड, पायाने जरा उतावळा. एक जुना लाल टिपर त्याने स्वतःचा केला होता.

थोरलीच्या छातीत शिट्टी वाजायला लागली ती त्याच सुमारास. डॉक्टरीणबाईंनी काळी फिल्म काचेच्या दिव्यावर लावली. थोरली आपणहून पुढे झाली आणि डोळे बारीक करून बघायला लागली.

"काय शोधताय?"

"भोकं."

"भोकं नाहीत. भरलंय." डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवलं. "हे पांढरं दिसतंय ना, ती दगडाची पूड. आत जाऊन बसलीय."

"आतून बाहेर हवा मारली तर?"

बाई हसल्या नाहीत. "ही निघत नाही. आता एवढंच आपल्या हातात की आणखी नको. ते काम सोडा. उद्या नाही, आज."

"म्हणजे ही आतली बाजू," थोरली स्वतःशीच म्हणाली. "धुता येत नाही."

धाकटीने त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं. "शेडला कुलूप घाल आणि चल माझ्याकडे! मागची खोली रिकामी आहे. खिडकी झाडांच्या बाजूला उघडते."

"आणि खायचं काय? झाडांची पानं?"

"ताई," धाकटीचा नवरा मध्ये पडला, "गाडी आत्ता कुठे चालायला लागलीय. ती एकदा पायावर उभी राहू दे. मग तुम्ही शेडचं तोंडसुद्धा बघायचं नाही. माझा शब्द."

असं ठरलं. टिपर नीट चालला की थोरली सुटणार. त्या लाल खटाऱ्याच्या इंजिनात आता तिचाही श्वास गुंतला होता, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून जुना फिल्टर दिव्यापुढे बाद झाला तेव्हा नवा निवडायला ती स्वतः दुकानात गेली. मेहुण्याच्या हाती ते काम सोडणार कोण?

दुकानदाराने तीन थोरल्या काउंटरवर उभ्या केल्या, स्थळं दाखवावीत तशा.

पहिली तिने उचलली आणि कडेच्या रबरावर अंगठा दाबला. रबर लाकडासारखं. "ही बसणार नाही. नुसती टेकेल. झाकण आणि रबर यांच्यामधून धूळ वरातीसारखी आत जाईल."

"अहो, रबर बसतं हळूहळू."

"तोवर इंजिन बसेल."

दुसरी घड्यांनी विरळ, वजनाला फूल. दुकानदार मेहुण्याकडे बघून डोळा मिचकावत म्हणाला, "ही बघा, मोकळी आहे. चढावर गाडी पळते हिच्यावर. सगळे हीच नेतात."

मेहुण्याचे डोळे चमकले. "ताई, हीच घेऊ. चढावर फार गुदमरते हो गाडी. रांगेत मागे पडलो की खेप गेली."

"गुदमरते ती तू पाठीवर डोंगर लादतोस म्हणून. चाळणीने पीठ चाळतात, दगडाची धूळ नाही." तिने विरळ घड्यांमध्ये नख घालून त्या फाकवल्या. "आणि मोकळा श्वास म्हणजे काय ते मला विचार. आत काहीही घेतलं की त्याला मोकळा श्वास म्हणत नाहीत."

बोलता बोलता तिला खोकल्याची उबळ आली. काउंटर धरून ती वाकली. दुकानदाराने पाण्याचा पेला पुढे केला आणि नजर दुसरीकडे वळवली. मेहुण्याने दुसरी थोरली हळूच मागे सरकवली.

तिसरी तिने घेतली. घड्या दाट आणि एकसारख्या, डिंकाच्या रेषा सरळ, रबर मऊ, अंगठा काढला की परत वर येणारं. जुन्या फिल्टरशेजारी उभी करून उंची पाहिली. डोक्याला डोकं लागलं. "ही. आणि हिची धाकटी."

"धाकटी पण?" दुकानदार म्हणाला. "थोरली एवढी दांडगी घेतल्यावर धाकटीला काय काम उरतंय?"

"काही काम उरू नये. तेच तर पाहिजे."

दोन्ही तिच्या डोळ्यांदेखत बसल्या. आधी पांढरीशुभ्र धाकटी आत गेली, वरून थोरली, मग झाकण, मग चिमटे. तिने झाकणावर तळहात मारला. "मळली की माझ्याकडे आणायची. आणि धाकटीला..."

"हात लावायचा नाही!" मेहुण्याने शाळेतल्या पोरासारखं वाक्य पुरं केलं.

सुरुवातीला टिपर इमानाने शेडपाशी थांबत होता. मग थांबेनासा झाला. थोरलीने एकदा रस्त्यात हात करून अडवलाच.

"काय रे, नवी फुंकणारी भेटली की काय?"

"छे हो ताई! क्रशरवरच फुंकून घेतो आता. तुमच्या छातीत आणखी माझी धूळ कशाला?"

तिला भरून आलं. एवढ्या वर्षांत तिच्या छातीचा विचार करून फिल्टर दुसरीकडे नेणारा हा पहिलाच. संध्याकाळी ती मुद्दाम धाकटीकडे गेली.

मागच्या खोलीत पडदा लागला होता, निळा, बारीक फुलांचा. पलंगावर नवी चादर. धाकटी मशीनवर बसली होती आणि शेजारच्या फळीवर त्याच निळ्या कापडाचं वेष्टण घातलेला एक उंच डबा उभा होता. त्यात कात्र्या, लाकडी पट्टी, मिटलेली छत्री.

"हे गं काय? छान केलंस."

"छान ना? ह्यांनी आणला कुठूनसा. म्हणाले, कापड गुंडाळ, कामाला येईल. पडद्याचा तुकडा उरलाच होता."

थोरलीने डब्याच्या गुबगुबीत अंगावरून हात फिरवला. हाताला मऊ लागलं, खालची जाळी थोडी टोचली. खिशातला श्वासाच्या औषधाचा पंप काढून तिने त्यात ठेवून पाहिला. "हा माझा कोपरा. मी आले की इथेच राहणार हा."

"ताई, चहा घ्या," मेहुणा दारातून घाईने म्हणाला. "गार होतोय."

चहा चांगला वाफाळत होता. पण ते तिला नंतर आठवलं.

मग एका सकाळी चढावर तिला निळा धूर दिसला. काळा दिसला असता तर ती म्हणाली असती, ओझं जास्त झालंय. निळा म्हणजे तेल जळतंय, म्हणजे इंजिन स्वतःलाच खातंय. धुराच्या पुढे लाल टिपर होता, रांगत होता. ती नळी टाकून रस्त्यावर आली आणि मधोमध उभी राहिली.

"खाली उतर."

"ताई, खेप आहे..."

"उतर म्हणते ना!"

तिने स्वतः चिमटे उघडले. थोरली बाहेर ओढली, काखेत धरली आणि आत हात घातला. हात पोकळीत फिरला. कशालाच लागला नाही.

"धाकटी कुठाय?"

"घरी आहे," मेहुणा म्हणाला. "मशीनवर बसली असेल."

"ती नाही. ही. आतली."

तो शर्टाच्या बटणाशी चाळा करत राहिला. थोरलीने इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या आत बोट फिरवलं. ही बाजू आरशासारखी असायला हवी. बोट बाहेर आलं ते पांढरं. मग ती पडद्याआड गेली, दिवा फिल्टरच्या पोटात सोडला आणि फिरवायची गरजच पडली नाही. एका घडीवर बोटभर चीर आणि तिच्या दोन्ही अंगांना ठिपकेच ठिपके.

"कशावर आपटलीस हिला?"

"टायरवर. क्रशरवर सगळे तसंच करतात. मग तिथल्या नळीने बाहेरून हवा मारली. जोरदार हवा आहे तिथे."

"बाहेरून आत मारलीस. आणि आतली?"

"गाडी चढत नव्हती हो ताई. मागचे ड्रायव्हर हॉर्न मारायचे, वर शिव्या. एक जण म्हणाला, धाकटी काढ, बघ कशी पळते. काढली आणि खरंच पळाली! मला वाटलं, थोरली आहे की समोर. फेकली नाही मी तिला, ताई. जपून ठेवलीय. तुम्ही पाहिलीय."

"मी?"

"तुम्ही पंप ठेवलात तिच्यात."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे तर कळशाला हात लावून, त्याचं कौतुक करून, वर त्यात स्वतःचं औषध ठेवून ती घरी आली होती. ज्या वस्तूला कुणी हात लावू नये म्हणून आयुष्यभर ओरडली, तीच तिला कापड नेसवल्यावर ओळखू आली नव्हती. आणि टिपर आपल्यापाशी थांबत नाही, या आनंदात ती दिवा दाखवायचंच विसरली होती.

तिने त्याला शिव्या दिल्या नाहीत. त्यामुळे तो जास्त घाबरला.

मिस्त्रीने इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण उघडलं. तिथून भक् भक् करत धूर आला, धाप लागलेल्या माणसाच्या तोंडासारखा. त्याने कान खाजवला.

"बोल की," थोरली म्हणाली.

"बोलायचं काय? तुला दिसत नाही होय? आत दगडाचं पीठ गेलंय. रिंगा खाल्ल्या, लायनर खाल्ले, सगळं घासून काढलंय. नवं इंजिन टाकलं तर गाडी. नाहीतर भंगार."

"धुवून, साफ करून..."

"थोरले, तू विचारतेस हे?"

घरी धाकटीला सांगायचं काम कुणालाच नको होतं. ते सांगावं लागलंच नाही. दोघांचे चेहरे बघून आणि थोरलीची नजर फळीवर गेलेली बघून ती उठली. कात्र्या, पट्टी, छत्री खाली ठेवली. ब्लेडने टाके उसवले. निळं कापड गळून पडलं आणि आतून धाकटी निघाली. कोरी. एक कण नाही तिच्यावर.

"माझ्या कात्र्या ठेवायला?" ती नवऱ्याला म्हणाली. "माझ्या कात्र्या ठेवायला तू हिचा जीव घेतलास?"

"इंजिनाचा..." तो पुटपुटला.

"मी इंजिनाचं बोलत नाहीये!"

थोरलीने ते नळकांडं मांडीवर घेतलं आणि सवयीने त्याच्यावरून हात फिरवत राहिली. "पोरी, ओरडू नकोस. त्याने मुद्दाम नाही केलं. त्याला पळायची घाई होती. मला सुटायची घाई होती."

नव्या इंजिनाला पैसा नव्हता. टिपर दगडांवर उभा राहिला. मेहुणा दूरच्या मार्गावर दुसऱ्याच्या गाडीवर बदली ड्रायव्हर म्हणून गेला. जाताना दारात उभं राहून त्याला काहीतरी बोलायचं होतं. धाकटीने त्याच्या हातात डबा दिला आणि दार लावलं. मागच्या खोलीतला पडदा तसाच राहिला. थोरली रोज शेडवर जात राहिली, पण आता चढाच्या अलीकडे तिला बसावं लागे. रस्त्याच्या कडेला, त्याच दगडावर, जिथे पूर्वी डबा ठेवला जाई. ड्रायव्हर काच खाली करून विचारत, "काय थोरले, आज हवा कमी?" ती हात हलवून त्यांना पुढे घालवी. बोलायला श्वास खर्च करणं परवडत नव्हतं.

मग एक सकाळ अशी आली की ती दगडावर बसली आणि उठायच्या आतच तिला कॉम्प्रेसरचा आवाज आला.

चोर म्हणावा तर चोर कॉम्प्रेसर चालू करत नाही. पत्र्याला हात टेकत टेकत ती शेडच्या दारापर्यंत गेली. आत धुळीचा लोट उठला होता. लोटात एक बाई पाटावर बसली होती, मांडीवर फिल्टर, हातात नळी. नाकातोंडावर निळं कापड बांधलेलं. बारीक फुलांचं.

"नळी खाली ठेव," थोरली म्हणाली.

धाकटीला ऐकू गेलं नसेल. की गेलं असेल.

"नळी ठेव म्हणते! तुला इथे पाऊल टाकायचं नाही म्हणून..." पुढचे शब्द आलेच नाहीत. छातीतली शिट्टी तेवढी आली.

धाकटीने हवा बंद केली. कापड खाली ओढलं. तिच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या, आणि तेवढ्यानेच ती किती तरी म्हातारी दिसत होती. "तूच तर सांगायचीस ताई, धाकटी कशासाठी असते."

"ती फिल्टरची गोष्ट होती, गाढवे."

"बस तू. पलीकडे जाऊन बस. इथे येऊ नकोस, तुला चालत नाही. डबा दगडावर ठेवलाय."

"तुझं शिवण?"

"शिवणावर दोन तोंडं भरतात का? तुझं औषध येतं का?" धाकटीने फिल्टर फिरवला. "आतून बाहेर ना? की बाहेरून आत? तेवढं सांग."

जन्मभर थोरलीने हजार ड्रायव्हरांना नाही म्हटलं होतं. इथे नाही म्हणायचं, तर त्यानंतर नळी कुणी धरायची याचं उत्तर तिच्याकडे असायला हवं होतं. ते नव्हतं.

कोपऱ्यातल्या माठापाशी ती गेली. बहिणीच्या गळ्यातलं निळं कापड सोडवलं, ओलं केलं, पिळलं, दुहेरी केलं. नाकावर घट्ट बसवून मागे दोन गाठी मारल्या. कडेला अंगठा दाबून फट राहिली नाही ना ते पाहिलं, रबर पाहावं तसं.

"आतून बाहेर," ती म्हणाली. "हळू. आणि श्वास घेताना तोंड वळव."

बाहेर एक टिपर येऊन थांबला. ड्रायव्हर फिल्टर काखेत मारून आत शिरला. धुळीत त्याला पाटावर बसलेली, तोंड बांधलेली बाई दिसली, हातात नळी.

"थोरले," तो म्हणाला, "लवकर फुंकून दे गं. वर रांग लागलीय."

धाकटीने हात पुढे करून फिल्टर घेतला. दारात उभ्या असलेल्या थोरलीने काहीच दुरुस्त केलं नाही. ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि दगडावर, डब्याशेजारी जाऊन बसली.